चपला आत ठेवायच्या की बाहेर

१४ सप्टेंबर ९७, रविवार

गच्चीवर पाऊण तास. कठड्याला धरून डाव्या पायावर (यापुढे डा.पा., रोज एवढं कोण लिहिणार) टाच वर, टाच खाली. सोळाला थांबायचं असं डॉक्टरनं बजावलंय. एकोणीस केले आणि घाबरून खालीच बसले. दुखलं नाही. न दुखण्याची भीती वाटते म्हणजे माझं डोकंच फिरलंय.

शेजारच्या लक्ष्मम्मांनी कपडे वाळत घालता घालता विचारलं, गुडघेदुखी का? हौदु, म्हणजे हो, म्हटलं आणि सुटले. सोळा वर्षं परदेशात बॅले नाचतेय, मार्चमध्ये लिस्बनला भर स्टेजवर टाचेमागची शीर तुटली, ऑपरेशन झालं, आता मल्लेश्वरमला आईकडे येऊन बसलेय, एवढं सगळं सांगायचं तर माझं कन्नड पंधरा वर्षांच्या मुलीचंच राहिलंय. त्या वयात गेले तेवढंच.

आईनं हाक मारली. दोसे गार होतायत.

१७ सप्टें.

इल्सेचं पत्र. इल्से म्हणजे आमच्या कंपनीत तालीम घेणारी बाई. तिनं मला तेरा वर्षं रोज सकाळी दहाला ओरडून ओरडून सरळ उभं केलंय. ती म्हैसूरला योग शिकायला येतेय, तीन आठवडे. परत जाताना ११ ऑक्टोबरला बंगळूरला उतरणार, सकाळी दहाला मला बघणार, रात्री विमान. पुढच्या मोसमात मला ठेवायचं की नाही हे डायरेक्टरला महिनाअखेर ठरवायचंय आणि तो तिच्या शब्दावर ठरवणार. खाली लिहिलंय, नुसता पाय बघायचाय, मनाला लावून घेऊ नकोस. म्हणजे लावून घेण्यासारखंच आहे.

आईला सांगितलं. ती म्हणाली, अकराला दसरा. दसऱ्याला कुणी परीक्षा घेतं का?

आनंद झाला का? झाला असावा. तीन दोसे खाल्ले.

२० सप्टें., शनि.

मि. डीं.कडे (मिस डी., माझ्या पहिल्या बॅले शिक्षिका) गेले. कंटोन्मेंटमधल्या चर्चच्या हॉलमध्ये अजून शनिवारचा क्लास घेतात. सत्तरी उलटली, काठी टेकतात, पण त्याच काठीनं पोरींचे गुडघे अजून सरळ करतात. मला सातव्या वर्षी त्यांच्याकडे अप्पांनी नेलं. स्कूटरवर पुढे उभी करून, दर शनिवारी, आईला "व्यायामाचा क्लास" सांगून. आईला खरं कळलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. तिनं दोन दिवस अप्पांशी अबोला धरला आणि मग एकच नियम घातला. चपला घालून नाचायचं असलं तर त्या चपला उंबऱ्याच्या आत आणायच्या नाहीत. घुंगरू असते तर देवापाशी ठेवले असते म्हणाली.

आजही त्या बाहेरच आहेत. व्हरांड्यात, भावाच्या, अण्णाच्या बुटांशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत. युरोपातल्या अर्ध्या थिएटरांत माझ्या नावाची खोली होती आणि इथं माझे बूट पायपुसण्याजवळ.

मि. डी. म्हणाल्या, ह्या अकरा पोरी तू घे. माझ्या कमरेनं राजीनामा दिलाय. मी बघते म्हटलं. त्या म्हणाल्या, तू लहानपणीही प्रत्येक गोष्टीला बघतेच म्हणायचीस आणि मग सगळ्यांच्या आधी उडी मारायचीस. मला तसं काही आठवत नाही.

२५ सप्टें.

व्हरांड्यात बसून बुटांची पिशवी उपसली. तीन जोड आणले होते. दोन मेलेत. (आमच्यात मेले म्हणतात. पुढचं टोक मऊ पडलं की त्यावर भरवशानं उभं राहता येत नाही, टाकून द्यायचे.) एक कोरा. हा शेवटचा. माझे बूट बनवणारा म्हातारा जूनमध्ये निवृत्त झाला. त्याला मी कधी पाहिलं नाही, तळाला उमटवलेली त्याची माशाची खूण तेवढी माहीत. त्याला मात्र माझी बोटं पाठ होती. दुसऱ्या कुणाचे बूट मला अजून जमलेले नाहीत. हा जोड अकरा तारखेसाठी.

आई तांदूळ निवडत होती. बघत होती, बघत नाही असं दाखवत. मग विचारलं, टोकाला लाकूड असतं का गं? म्हटलं नाही, कापड असतं, गोणपाट असतं, थरावर थर, आणि खळ. कणकेची असते तशी खळ. वाळली की लाकडासारखी होते.

नुसतं कापड आणि खळ?

हो.

चामडं नाही?

नाही म्हटलं. का म्हटलं देव जाणे. तळाला चामड्याची पट्टी असते, जिभेएवढी, कापडाच्याच रंगाची, सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. इतक्या वर्षांत तिनं बुटांबद्दल पहिल्यांदा काही विचारलं होतं, त्यात चामडं कुठं आणा.

३० सप्टें.

अण्णा बोम्मसंद्राहून उशिरा आला. तिथल्या कारखान्यात तो स्प्रिंगा तपासतो. (माझा थोरला भाऊ. छत्तीस, अजून लग्न नाही, आईचं पहिलं दुःख. दुसरं मी.) त्याला म्हटलं, माझा डा.पा. तपास ना तुझ्या मशिनवर. तो जेवता जेवता शांतपणे म्हणाला की ते स्प्रिंग मोडेपर्यंत दाबतात, किती वेळा सहन करते ते मोजतात. मग तपासलेली स्प्रिंग पाठवता का? छे, म्हणाला, ती फेकायची. न तपासलेल्या पाठवायच्या.

हसू आलं आणि मग ताटावर बसवेना.

२ ऑक्टो., गुरु.

घट बसले. लक्ष्मम्मांकडे नवरात्रातल्या बाहुल्या मांडून हळदीकुंकू, आई गेली नाही. कारण मी, चार बायका माझंच विचारणार.

कोऱ्या जोडाचं टोक शिवायला बसले होते. जाड दोऱ्यानं कडेनं टाके घालायचे, म्हणजे साटीन फाटत नाही, पकड येते. हे प्रत्येकीनं स्वतःचं स्वतः करायचं, टूरवर बसमध्ये, विमानात, टोकियोत, ब्यूनोस आयर्सला, मी जग शिवता शिवताच पाहिलंय. सुई तिसऱ्यांदा बोटात घुसली तेव्हा आई म्हणाली, "दे इकडे. स्वल्प सरक." व्हरांड्यात माझ्या शेजारी बसली. बूट हातात धरला. टोकावर अंगठ्यानं ठोकलं, टक टक. बाई गं, म्हणाली, ह्याच्यावर अख्खी उभी राहतेस?

मग टाके घातले. इतके बारीक टाके माझ्या हातून जन्मात पडले नसते. दोन्ही बूट झाले तेव्हा दिवेलागण झाली होती. तिनं पिशवीत घातले, उठली, पिशवी घेऊन आत जायला निघाली, उंबऱ्यापाशी थांबली, परत फिरली आणि खुंटीला अडकवली. जमिनीवर नाही, खुंटीला.

मला रडायला येत होतं. कशाचं, ते नक्की सांगता येणार नाही.

५ ऑक्टो.

मेलेल्या जोडावर सराव. दोन्ही पायांवर वर गेले. नुसत्या डा.पा.वर, चार वेळा. शीर ओढते पण धरते.

ती लिस्बनची संध्याकाळ परत परत आठवते. शीर तुटली तेव्हा मला वाटलं मागून कुणीतरी पोटरीवर दगड मारला. वळून पाहिलं, कुणी नव्हतं. पहिला विचार काय आला? आता उद्या झोपता येईल. पडदा पडायच्या आधी, वेदना यायच्या आधी, हा विचार. हे मी इल्सेला सांगितलं नाही, डॉक्टरला नाही, कुणालाच नाही. इथं लिहिलं. लिहून बरं वाटेल असं वाटलं होतं.

८ ऑक्टो.

तीन दिवस राहिले. आई म्हणते, पाय नाही धरला तर काय, घर आहे. अण्णा म्हणतो, पाय धरणार. दोघंही धीरच देतात, पण मला दोन्ही ऐकवत नाही.

खरं लिहायचं तर लिहूनच टाकते. पाय बरा नसेल अशी भीती नाही. बरा असेल अशी आहे. बरा नसला तर कुणी काही विचारणार नाही. लोक म्हणतील वाईट झालं, मि. डीं.च्या अकरा पोरी, शनिवार, आईचा दोसा. बरा असला तर मला ठरवायला लागेल. एकतीस वर्षांत मी काय ठरवलंय? अप्पांनी स्कूटर काढली, मि. डीं.नी स्कॉलरशिपचा फॉर्म भरला, इल्से ओरडली. मी वर उडी मारली तेवढीच.

पण गच्चीवर कुणी नसताना वळून थांबते, हात जागच्या जागी येतात, तेव्हा जे वाटतं ते? त्याचं काय करू?

१० ऑक्टो., शुक्र. खंडेनवमी

काय लिहू.

काल दुपारभर मी मि. डीं.कडे होते. आल्यावर खुंटीला पिशवी नव्हती. आई म्हणाली, आहे, ठेवलीय, उद्या बघ. तोंडावर हसू होतं. मला वाटलं आवरलं असेल कुठं, इतकी दमले होते की पुढं विचारलं नाही. मूर्ख मी.

आज आयुधपूजा. वर्षभर ज्यावर पोट चालतं ते सगळं देवापुढे. अण्णाचं माप घ्यायचं यंत्र, आईचं शिलाई मशीन, कात्री, विळी, दारात स्कूटर, तिच्यापुढे कोहळा. आंघोळ करून देवघरात गेले तर पाटावर, मशीनच्या शेजारी, माझे बूट.

देवघरात. आत.

प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट आणि एक एक झेंडू. फिती नीट घडी करून, खाली अक्षता. आई म्हणाली, "तुझं हत्यार आहे ना, मग बाहेर कसं ठेवू? इतकी वर्षं सुचलंच नाही बघ." आणि मग, अगदी सहज, अभिमानानं, म्हणाली की देवापुढे ठेवायचं म्हणून काल रिठ्याच्या पाण्यात बुडवून स्वच्छ धुतले, गच्चीवर उन्हात वाळवले. खळ निघून गेली, लिबलिबीत झाले, तर भाताची पेज गाळून चांगली दाट खळ परत घातली. कॉटनच्या साडीला घालते त्याहून दाट. बघ कसे कडक झालेत.

हात लावला नाही. लावायचा नसतोच, आज पूजेत ठेवलेलं उचलत नाहीत. लांबूनच दिसत होतं. साटीनला सुरकुत्या, टोक एका बाजूला बसलेलं.

तिनं मला विचारलं, बरं केलं ना? मी म्हटलं, छान केलंस. नमस्कार केला. माझ्याच बुटांना, आयुष्यात पहिल्यांदा. तिच्याही पाया पडले. मग गच्चीवर जाऊन टाकीमागे बसले. राग आला होता आणि तो कुणावर काढायचा ते सापडत नव्हतं. कापड आणि खळ, असं मीच सांगितलं. चामडं आहे असं खरं बोलले असते तर तिनं हातसुद्धा लावला नसता. बूट वाचले असते. आणि आत आले नसते.

आणखी एक. रागाच्या खाली, अगदी तळाशी, हलकं वाटत होतं. उद्या जमलं नाही तर बुटांमुळे. लाज वाटली.

अण्णा कारखान्यातल्या पूजेचे चुरमुरे घेऊन आला. त्याला गच्चीवर बोलावून सांगितलं. तो म्हणाला, आईला सांगू नकोस. मी कशाला सांगतेय.

११ ऑक्टो., दसरा

मेलेला जोड पिशवीत घालून मि. डीं.च्या हॉलवर गेले. आईनं हातावर दही दिलं. ऑटोवाल्यानं झेंडूच्या माळांतून वाट काढत नेलं.

इल्से काळी पडलीय, बारीक झालीय, कपाळाला गंध. एवढ्यानंच मला हसू फुटलं असतं. मि. डी. पियानोपाशी खुर्ची टाकून. मी बूट चढवले, वर गेले आणि दोन पावलांत टोक खाली दबलं. इल्से म्हणाली, हे काय घातलंयस? दुसरे नाहीत म्हटलं. ती म्हणाली काढ. अनवाणी कर.

अनवाणी, त्या जुन्या लाकडी जमिनीवर, जिथं सातव्या वर्षी उभी होते तिथंच. डा.पा.वर टाच वर, खाली. इल्सेनं जर्मनमध्ये मोजलं. सोळा, वीस, पंचवीसला थांब म्हणाली. मग उडी. मग डा.पा.वर उतरून उभं राहणं. तिनं माझ्या शिरेला हात लावून बघितलं, दाबलं. मग थोडं नाचून दाखव म्हणाली, काहीही. मि. डीं.नी वाजवायला घेतलं. काय नाचले आठवत नाही. बुटांची सबब मघाशीच काढून ठेवली होती, एवढं आठवतं.

नंतर पायरीवर बसलो. इल्से म्हणाली, "पाय चांगला आहे. पायाचं मी लिहीन. डायरेक्टर मला विचारेल, तिला यायचंय का. तुझं काय लिहू?"

आणि मी काय म्हणावं? म्हटलं, आईनं माझे बूट धुतले.

तिला वाटलं मी विषय टाळतेय. जर्मनमध्ये ते वाक्य फारच विचित्र वाटतं, खरं आहे. तिनं पाठीवर थोपटलं, डायरेक्टरच्या ऑफिसचा नंबर चिठ्ठीवर लिहिला. अठ्ठावीसपर्यंत तूच त्याला फोन कर, हो की नाही, तो दोन्ही ऐकून घेईल पण तिसरं काही ऐकणार नाही, म्हणाली.

घरी आई दारात उभी. जमलं का? जमलं म्हटलं. सोनं दिलं तिला. तिनं कवटाळलं.

१२ ऑक्टो., रवि.

आईनं पूजा उतरवली. मशीन, कात्री, माप. मी स्वयंपाकघरात. बराच वेळ आवाज नाही म्हणून डोकावले. ती पाटासमोर बसून बुटाचं टोक अंगठ्यानं दाबत होती. दाबायची, सोडायची. ठोकून बघितलं. टक टक नाही आलं.

"हे असं नव्हतं," म्हणाली. "मी टाके घातले तेव्हा लाकडासारखं होतं. मी बिघडवलं ना?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि नाही निघेना. हो म्हटलं. लगेच म्हटलं, तळाला चामडं आहे आई. मी खोटं बोलले.

तिनं बूट उलटा केला. पट्टी बघितली, माशाची खूण बघितली. मी वाट बघत होते की आता उठून आंघोळ करेल, देवघर धुऊन काढेल. ती नुसतीच बसली. मग म्हणाली, अय्यो, नवमीभर देवाजवळ होतं की गं. आणि थोड्या वेळानं, काल मग काय घालून नाचलीस?

अनवाणी.

"अनवाणी येतं? मग एवढी वर्षं कशाला भांडलो आपण?"

दोघी हसलो. आधी ती, मग मी, मग थांबताच येईना. मग ती रडायला लागली. अप्पा गेले तेव्हा तू आली नाहीस, म्हणाली. आठ वर्षांत पहिल्यांदा बोलली. म्हटलं, टूरवर होते, तार दोन दिवसांनी मिळाली. त्या रात्रीही नाचले, हे नाही सांगितलं. एक खोटं उघडं केलं की दुसरं झाकायला लागतं, असं का होतं?

१८ ऑक्टो., शनि.

आई क्लासला आली. स्वतःहून. चपला हॉलबाहेर काढून आत जाऊन खुर्चीवर बसली. मि. डीं.नी तिला चहा दिला, दोघींची एकही भाषा सारखी नाही, तरी तासभर माना हलवत होत्या. मी पोरींना घेतलं. अकरा. त्यातली एक, लाल रिबिनवाली, प्रत्येक गोष्टीला आधी उडी मारते.

ऑटोत आई म्हणाली, पोरी किती पडतात गं. तू पण पडायचीस? रोज, म्हटलं. तुझे अप्पा कधी बोलले नाहीत, म्हणाली. मल्लेश्वरम येईपर्यंत माझा हात धरून होती.

शिकवताना मजा आली. फार. घरी येऊन गच्चीवर गेले आणि अंधार पडेपर्यंत नाचले. तेही आवडलं. आता सांगा.

२३ ऑक्टो.

डा.पा. तीस. रात्री किंचित सूज, सकाळी नाही.

अण्णाला विचारलं, तू काय करशील? तो म्हणाला, मी स्प्रिंगावाला, मला काय कळतं. मग जाता जाता म्हणाला की माझ्यासाठी राहू नको आणि आईसाठी पण राहू नको. मग कुणासाठी? ते त्यानं सांगितलं नाही, बस चुकेल म्हणाला.

एक बाजू, दुसरी बाजू, असं कागदावर लिहायला घेतलं. दोन्ही बाजूंना आई आली. कागद फाडला.

२७ ऑक्टो., सोम.

उद्या अठ्ठावीस. आज दुपारी एसटीडी बूथवर गेले. चिठ्ठीवरचा नंबर फिरवला, तिकडे घंटी वाजायला लागली, कुणी उचलायच्या आत ठेवून दिला. बूथवाला म्हणाला, लागला नाही का अक्का? लागला होता, म्हटलं. तो बघतच राहिला.

दिवाळीची साफसफाई. आईनं घर उपसून अंगणात मांडलंय, एक एक वस्तू पुसून जागेवर लावतेय. डबे झाले, पितळ झालं, अण्णाचे बूट झाले. मी माळ्यावर चढून माझी सूटकेस खाली काढली होती, पुसायला. का न्यायला? पुसायला.

आई माझे बूट घेऊन आली. तोच जोड, भाताच्या खळीचा. फिती इस्त्री केलेल्या. एका टोकाला अजून कुंकू आहे, साटीनमधून जात नाही म्हणाली. सूटकेसकडे बघितलं, उंबऱ्याकडे बघितलं, देवघराकडे बघितलं.

"ह्या चपला कुठं ठेवू?"

मी फडकं हातात धरून उभी. ती थांबलीय. घाई करत नाही, तशी ती कधी थांबत नाही कुणासाठी. म्हटलं, आई, आण इकडे, कुठं ठेवायच्या ते मी ठरवते. घेतले. मांडीवर घेऊन बसलेय, एका हातानं हे लिहितेय. ती पलीकडे डबे लावतेय आणि मधेच मान वळवून बघतेय.